वास आधी की वसाहत आधी? मुंग्यांच्या गंधभाषेबद्दल एक प्रश्न

अबोली_क:
काल दुपारी कठड्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. मी ओल्या बोटाने मध्येच दोन बोटं रुंदीचा पट्टा पुसला. पहिली मुंगी त्या कडेशी येऊन अशी थबकली, की जणू पुढे जमीनच नाही. मिशा टेकवत डावीउजवीकडे फिरली आणि परत गेली. मागच्यांचा घोळका झाला. शेवटी एक जण पलीकडे पोचली, आणि दहाएक मिनिटांत रांग पुन्हा सांधली गेली. तेव्हापासून डोक्यात घोळतंय: ही वासाची भाषा आली कुठून? एकत्र राहू लागल्यावर ती घडली, की वास आधीपासूनच होता?

वारूळवेडी:
वास आधी, असं माझं ठाम मत. मी मुंग्यांवरच काम करते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मुंगीच्या अंगावर हायड्रोकार्बनचा मेणासारखा पातळ थर असतो. अंगातलं पाणी उडू न देणं हे त्याचं मूळ काम, आणि एकट्यादुकट्या राहणाऱ्या कीटकांनाही तो असतोच. या थरातल्या घटकांचं प्रमाण वारुळागणिक बदलतं आणि तीच ओळख ठरते. दोन वारुळांतल्या मुंग्या एका बशीत सोडून बघा. मिशा एकमेकींच्या अंगाला लागतात, क्षणभर दोघी स्तब्ध, आणि लगेच जबडे उघडतात.

राणीचंही तसंच. मुंग्या, गांधीलमाश्या आणि भुंगेमाश्या या तिन्ही कुळांत वसाहती स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या. तरी २०१४ मधल्या एका अभ्यासात तिन्हींत राणीच्या अंगावरच्या मिळत्याजुळत्या हायड्रोकार्बनमुळे कामकऱ्यांची प्रजननक्षमता दबते असं दिसलं. म्हणजे एकट्या राहणाऱ्या पूर्वज मादीच्या अंगाला अंडी धरल्याचा जो वास यायचा, त्याचाच पुढे संदेश झाला असावा.

पण वास घेणारं यंत्र मात्र मुंग्यांमध्ये अफाट वाढलं. फळमाशीत गंधग्राही जनुकं साठेक, मधमाशीत १७०च्या आसपास, मुंग्यांच्या कित्येक जातींत तीनशेच्या वर. २०१७ मध्ये दोन गटांनी वेगवेगळ्या जातींत ‘ऑर्को’ हे जनुक निकामी केलं. त्यावाचून हे ग्राही चालत नाहीत. त्या मुंग्या वारुळाबाहेर एकट्याच भटकत राहिल्या, आणि त्यांच्या मेंदूतला वासाचा भागही नीट वाढला नाही. हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

पोळेवाला:
मधमाशीचा अनुभव सांगतो. हातमोज्यावर एक डंख बसला की पुढच्या माश्या नेमक्या तिथेच येतात. डंखाबरोबर आयसोअमाइल ॲसिटेट सुटतं, पिकलेल्या केळ्यासारखा वास असतो त्याला. धूर दिला की मिशांना हा वास नीट लागत नाही. मी तरी मोजा बदलल्याशिवाय दुसरी चौकट उचलत नाही.

मातीखालून:
वाळवी विसरू नका! ती झुरळांच्या कुळातली, मुंग्यांशी नातं फार लांबचं, तरी तीही वासावरच चालते. कामकरी वाळवी बहुतेक आंधळीच. काही बॉलपेनांच्या शाईतलं फिनॉक्सिइथेनॉल तिच्या मार्गगंधासारखं काम करतं. कागदावर वर्तुळ काढा, ती त्याच रेघेवरून फिरत राहते.

अबोली_क:
सगळ्यांचे मनापासून आभार. वारूळवेडी, एक राहिलं: नुकती कोषातून निघालेली मुंगी ओळखू कशी येते?

वारूळवेडी:
तिच्या अंगाला वास जवळजवळ नसतोच, म्हणून तिला कोणी हटकत नाही. बहिणी तिला चाटतात, तोंडाला तोंड लावून भरवतात, आणि त्यातून वारुळाचा वास तिच्या अंगी लागतो. गुलाम ठेवणाऱ्या मुंग्या दुसऱ्यांच्या वारुळातून कोष पळवून आणतात ते याच कारणाने. कोषातून निघालेली पोर त्या घराचा वास आपला मानते आणि त्यांच्याच पिल्लांना भरवायला लागते.