जलप्रदूषणाचा पाठ कार्टूनमधून घ्यायचाय, चौकटी कशा पाडू?

कृष्णाकाठ_७:
सातवीचा वर्ग, ४२ मुलं, ३५ मिनिटांच्या दोन तासिका. शाळा सांगलीजवळ, नदीकाठी. नेटवरची कार्टून सगळी एकाच साच्यातली आहेत: कारखान्याची नळी, काळं पाणी, कवटी आणि रडणारा मासा. साखर कारखान्याच्या मळीचं पाणी नदीत आलं की मासे का मरतात, हे चार चौकटींत नेमकं कसं दाखवायचं? माझी चित्रकला बेताची आहे.

रेघोट्या:
सर, आधी ती कवटी खोडा. कवटी दिसली की मुलांच्या डोक्यात 'विष' एवढंच बसतं. मळीमिश्रित पाण्यात सेंद्रिय पदार्थ ठासून भरलेले असतात आणि जिवाणू त्यावर तुटून पडतात. खाता खाता ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात, मग मासा गुदमरतो. म्हणून चित्रात राक्षस नको, पंगत हवी.
पहिल्या चौकटीत मासे तळाशी निवांत, पाण्यात २० निळे ठिपके. दुसरीत नाला येऊन मिळतो, जिवाणू पानावर बसलेत, ठिपके १०. तिसरीत पंगत दुप्पट, ठिपके चारच, तेही पृष्ठभागालगत, आणि मासे वर तोंड काढून. चौथीत फुगा रिकामा ठेवा, मासा काय म्हणतो ते मुलं लिहितील.
ठिपके भरीव काढा. पोकळ गोल काढलेत तर मुलांना ते बुडबुडे वाटतात.
फुल ड्रॉइंग शीटवर दोनच चौकटी. अक्षर ३ सेंमी उंच, फुग्यात सहा-सात शब्द. आधी मजकूर लिहा, मग भोवती फुगा काढा. उलटं केलं की शेवटचा शब्द हमखास चेंगरतो. वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अर्ध्या अक्षराएवढी जागा सोडा.

विज्ञानपेटी:
तिसरी चौकट बाटलीतही दाखवता येते. अर्ध्या लिटरच्या पारदर्शक बाटलीत ४०० मिली कोमट पाणी, दोन चमचे साखर (मळीच्या जागी), एक चमचा बेकरीत वापरतात ते कोरडं यीस्ट (जिवाणूंच्या जागी). ढवळून ०.१ टक्क्याच्या मिथिलिन ब्लूचे आठ-दहा थेंब टाका, रंग आकाशी यायला हवा. मग बाटलीला हात लावू नका.
साधारण १५-२० मिनिटांत खालचं पाणी पांढुरकं होतं आणि वर हवेला लागून निळा पट्टा उरतो. ऑक्सिजन असेपर्यंतच हा रंग निळा राहतो. बाटली हलवली की निळेपणा परत येतो. कागदी मासा बाहेरून चिकटवायला मुलांना सांगा. तो निळ्या पट्ट्याशीच चिकटवला गेला, तर पाठ समजला!
फसतं ते तीन कारणांनी: पाणी कढत असलं तर यीस्ट मरतं, रंग जास्त पडला तर तो जायला तासिका पुरत नाही, आणि कुणीतरी मध्येच बाटली हलवतं. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. डाग हातावरून लवकर निघत नाही, थेंब तुम्हीच टाका.

पाणीतपासणी:
ठिपक्यांना माप द्या. एक ठिपका म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. २५ अंशांना पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे पहिल्या चौकटीत २० नव्हे, १६ ठिपके. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यपालनाच्या पाण्याला किमान ४ लागतो, म्हणजे ८. त्याच्या खाली गेलं की चौकटीची कड लाल करा. ३० अंशांना मुळात साडेसातच मावतो, उन्हाळ्यात पात्रही आटलेलं असतं.
आणि नळी फक्त कारखान्याची काढू नका. सांगलीच्या शेरीनाल्यातून नदीत येतं तसं सांडपाणीही तीच पंगत मांडतं. नाहीतर मुलं आपल्या मोरीचं पाणी निर्दोष ठरवून मोकळी होतात.
एक प्रश्न येणारच: 'पाण्यात ऑक्सिजन असतोच की, एचटूओ!' तो पाण्याच्या रेणूत बांधलेला असतो, कल्ल्यांना तो घेता येत नाही. यासाठी पाचवी चौकट नको, फळ्यावर सांगा.

कृष्णाकाठ_७:
ठिपक्यांचं माप एकदम पटलं. ७ गट करतोय, प्रत्येकाला एक बाटली. यीस्टचं पाकीट बरेच दिवस उघडं पडलंय, चालेल का?

विज्ञानपेटी:
आदल्या दिवशी तपासा. अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला तर ठीक, नाहीतर नवं पाकीट आणा.