पोलीस ठाण्यात भावाला मारहाण : विभागीय चौकशीचा निकाल लागेपर्यंत भरपाईसाठी थांबायचं का?

निशिगंधा_क
नमस्कार. २८ मार्चच्या रात्री गल्लीत गाडी लावण्यावरून भांडण झालं आणि माझ्या धाकट्या भावाला बीट मार्शल उचलून ठाण्यात घेऊन गेले. रात्रभर बसवून ठेवलं. तिथे एका हवालदाराने कानशिलात अशा काही ठेवून दिल्या की डाव्या कानाचा पडदा फाटला. सकाळी "जा घरी" म्हणून सोडलं. गुन्हा नाही, अटक नाही, साधी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) सुद्धा नाही. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नेलं, एमएलसी (मारहाणीच्या जखमेची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) झालेली आहे.

अधीक्षक कार्यालयात अर्ज दिला. आज १० जुलै, अजून "चौकशी चालू आहे" एवढंच ऐकतेय. ठाण्यातले लोक म्हणतात, त्या हवालदाराला कंट्रोलला (नियंत्रण कक्षात) जमा केलंय, आणखी काय पाहिजे? ओळखीच्या वकिलांचं म्हणणं, आधी खात्याला दोषी ठरवू दे, मग भरपाईचा दावा सोपा जाईल. थांबावं का? भाऊ २३ वर्षांचा आहे, हाक मारली तर उजवीकडे वळून बघतो. मला राहवत नाही.

माळरान
ताई, वाईट वाटलं वाचून. पण राहायचं तिथेच आहे ना? उलट त्याच्यावरच सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा टाकतील. मध्यस्थ घालून दवाखान्याचा खर्च मागा आणि मोकळे व्हा.

बारनिशी
मी एका जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयातून लिपिक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ तक्रार अर्ज आणि विभागीय चौकशीच्या फायलींत गेला. म्हणून कळकळीने सांगतो, थांबू नका.

तुमच्या अर्जाचं आत काय होतं ते आधी समजून घ्या. बारनिशीत (आवक-जावक नोंदीच्या टेबलावर) आवक क्रमांक पडतो, साहेबांचा शेरा होतो आणि अर्ज उपविभागाकडे जातो. तिथून तो बहुतेक वेळा त्याच ठाण्याकडे अहवालासाठी उतरतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच शेजारच्या टेबलावर. म्हणून आजच लेखी द्या की चौकशी त्या ठाण्याकडे न देता दुसऱ्या उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे द्यावी. दुय्यम प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कंट्रोलला जमा करणं ही शिक्षा नाही. ती तात्पुरती नेमणूक आहे, सेवापुस्तकात तिचा डाग पडत नाही. शिक्षा म्हणजे ठपका, दंड, वेतनवाढ रोखणं, पदावनती, सेवेतून काढणं किंवा बडतर्फी. मोठी शिक्षा द्यायची तर प्राथमिक चौकशी, मग दोषारोपपत्र, साक्षीपुरावे, अंतिम कारणे दाखवा नोटीस हे सगळं करावं लागतं. राज्यघटनेच्या कलम ३११ मुळे चौकशीशिवाय कुणाला बडतर्फ करता येत नाही, अगदी अपवाद सोडले तर. हे संरक्षण योग्यच आहे, पण त्यात वर्षं जातात. आणि तुम्ही त्या चौकशीत पक्षकार नसता, फक्त साक्षीदार. निकालाची प्रत माहिती अधिकारात मागितली तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ मधल्या गिरीश देशपांडे निकालाचा दाखला देऊन वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात.

एक मात्र करा. भावाला साक्षीचं समन्स आलं की जायचंच. तक्रारदार फिरकला नाही म्हणून 'आरोप सिद्ध होत नाहीत' असा शेवट झालेल्या फायली मी स्वतःच्या हाताने अभिलेख कक्षात ठेवल्या आहेत. त्यातल्या काहींत मार खाल्लेला माणूस खरा होता, हे मला ठाऊक होतं. तो शेरा लिहिताना हात जड व्हायचा.

माळरान, तुमची भीती खोटी नाही. पण जिथे कागद आधी तयार असतो, तिथे मागाहून टाकलेला गुन्हा कोर्टात उघडा पडतो. आणि गुपचूप पैसे घेऊन मिटवलं, तर तो हवालदार उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला तसाच बसवणार.

तालुका_वकील
बारनिशीकाकांनी खात्याची बाजू सांगितली, मी दाव्याची सांगतो. ताई, तुमच्याकडे वेळ फार कमी आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम १६१. कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, शिवाय संबंधित पोलिसाला किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. त्यात शासनाला पक्षकार करायचं म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. तुमची घटना २८ मार्चची, सहा महिने २८ सप्टेंबरला भरतात. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळावा असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. दोन्ही नोटिसा याच आठवड्यात नोंदणीसह स्पीड पोस्टाने जाऊ द्या. विभागीय चौकशी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

१९६६ मध्ये आत्माराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संशयिताला मारहाण करणं हे कर्तव्याच्या आवरणाखाली येत नाही, त्यामुळे पोलिसाला १६१ चं, म्हणजे सहा महिन्यांच्या मुदतीचं, कवच मिळत नाही. तो मुद्दा हाताशी ठेवू. पण मुदतीत जाणारा दावा तो मुदतीत जाणारा.

दुसरा रस्ता उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेचा. नीलाबती बेहरा प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या मृत्यूबद्दल दीड लाख रुपये शासनाकडून देववले, तिथून घटनात्मक भरपाईचं तत्त्व पक्कं झालं. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत जाता येतं. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर आपल्या अधिनियमात पोलीस तक्रार प्राधिकरणही आलं. बेकायदा डांबून ठेवणं आणि गंभीर दुखापत दोन्ही त्याच्या कक्षेत बसतात. मात्र ते चौकशी करून अहवाल देतं, शिक्षा देत नाही.

निशिगंधा_क
दोघांचेही मनापासून आभार. पण त्या रात्री तो ठाण्यात होता, हेच ते नाकारतील ना? नोंदच नाहीये.

बारनिशी
नोंद नाही हीच तुमची बाजू. रात्रभर ठेवलं आणि अटक पंचनामा नाही, नातेवाइकाला कळवल्याची नोंद नाही. डी. के. बसू निकालाने १९९६ पासून हे बंधनकारक केलेलं आहे. आता ठाण्यातल्या सीसीटीव्हीच्या मागे लागा. परमवीर सिंग सैनी निकालाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने साठवायला सांगितलं, तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान एक वर्ष. प्रत्यक्षात डीव्हीआर लवकर पुसला जातो, म्हणून 'अमुक रात्री दहा ते सकाळी आठ, आवार, लॉकअपसमोरची जागा, ठाणे अंमलदाराचं टेबल, चित्रण जतन करावं' असं वेळ लिहून अधीक्षकांना पत्र द्या आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्ज. त्या रात्रीची स्टेशन डायरीही मागा. भावाच्या मोबाइलचं लोकेशन, तुम्ही त्या रात्री ठाण्याला केलेले फोन, बाहेर थांबलेले शेजारी, सगळं आजच वहीत उतरवा.

तालुका_वकील
आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ऑडिओमेट्री करून घ्या. श्रवणशक्ती किती कमी झाली हा आकडा नसेल तर भरपाईची रक्कम कशावरून मागणार? नोटिशीचा मसुदा तुमच्या वकिलांकडून करून घ्यायचा नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट नाही, पण अर्ज भावाच्या नावाने जाईल, तेव्हा त्याचा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या.