छोट्या ड्रायव्हरला दस्तऐवजीकरण हवे की नको?

संभाजीनगरकर (धागाकर्ता):
ठिबक सिंचनाच्या नियंत्रकासाठी आम्ही काही जणांनी लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) एक छोटा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा कोड, लिहिला आहे. ज्या बसवर (उपकरणे जोडणाऱ्या सामाईक मार्गावर) ओलाव्याचे सेन्सर आणि व्हॉल्व्हचे रिले जोडलेले आहेत, त्या बसची रजिस्टर्स (हार्डवेअरची स्थिती व आज्ञा ठेवणारे कप्पे), इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) आणि क्लॉक (हार्डवेअर चालवणारे ठोके) ताब्यात घेणे व परत करणे, एवढेच त्याचे काम. एवढ्याशा कोडला वेगळे काही लिहायला नको, असे आमच्यातील बहुतेकांचे मत पडले. मला ते अजिबात मान्य नाही, आणि त्याला कारण आहे.

मागच्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातील एका मोसंबीच्या बागेत हा नियंत्रक वीज जाऊन आली की कधी चालू होई, कधी होत नसे. बागाईतदाराने दोन दिवस वायरी तपासल्या, आम्ही बोर्ड बदलला. दोष निघाला तो आमच्या प्रोबमध्ये, म्हणजे उपकरण सुरू करण्यासाठी कर्नल ड्रायव्हरचे जे फंक्शन बोलावतो त्यात. त्यात आधी 'रिक्वेस्ट_मेम_रीजन' या फंक्शनने रजिस्टर्सच्या पत्त्यांचा पट्टा आपल्या नावावर अडवला जाई आणि मग इंटरप्ट मागितला जाई. इंटरप्ट नियंत्रकाचा ड्रायव्हर तोवर तयार नसला, तर आमचा प्रोब 'नंतर पुन्हा बोलवा' असे सांगून परत फिरे. मात्र अडवलेला पट्टा त्या वाटेवर सोडलेलाच नव्हता. कर्नलने दुसऱ्यांदा बोलावले की पट्टा व्यस्त असल्याची त्रुटी येई. कोणता पट्टा कोणाकडे आहे हे दाखवणारी 'प्रॉक'मधील 'आयओमेम' फाईल उघडली, तेव्हा त्या पट्ट्यावर आमच्याच ड्रायव्हरचे नाव दिसले. कोणते साधन कोण घेतो, कोणत्या क्रमाने घेतो आणि मध्येच काम अडले तर ते कोण सोडतो, एवढे एका पानावर आधी लिहिले असते, तर ही चूक लिहितानाच डोळ्यांसमोर आली असती, असे माझे ठाम मत आहे.

लातूरकर:
सर, आपण सांगितलेली चूक खरी आहे, पण तिचे औषध पान लिहिणे नव्हे. कर्नलमध्ये 'डेव्हएम' या उपसर्गाची फंक्शन्स याचसाठी आहेत. त्यांनी घेतलेली साधने प्रोब अपयशी ठरला किंवा ड्रायव्हर सुटला, की घेतल्याच्या उलट क्रमाने आपोआप परत होतात. जी गोष्ट कोड स्वतः सांभाळतो, ती माणसाने कागदावर लिहून सांभाळायची कशाला? शिवाय कर्नलची आतली फंक्शन्स आवृत्तीगणिक बदलू शकतात, तशी हमीच कोणी देत नाही. कोड बदलतो, पान तसेच राहते, आणि जुने पान वाचून नवा मुलगा चुकीच्या वाटेला लागतो. माझ्या अनुभवात चुकीच्या दस्तऐवजाने केलेले नुकसान दस्तऐवज नसण्यापेक्षा मोठे आहे.

परभणीकर:
लातूरकर दादा, पान शिळे होते हे मान्य. म्हणून तर ते कोडपासून दूर ठेवू नये. कर्नल-डॉकच्या (कोडमधील कमेंटमधूनच दस्तऐवज बनवण्याच्या) पद्धतीची कमेंट फंक्शनच्या डोक्यावरच असते. 'कॉन्टेक्स्ट' या मथळ्याखाली हे फंक्शन झोपू (वाट पाहत थांबू) शकते का, कोणते लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) आधी धरलेले हवे, हे लिहिता येते, आणि 'रिटर्न'खाली कोणती त्रुटी कधी येते ते. 'डब्ल्यू=१' हा जास्तीच्या ताकिदी मागणारा पर्याय देऊन कोडची बांधणी केली, की ज्या पॅरामीटरचे वर्णन राहिले त्याची ताकीद मिळते. अर्थात, वर्णन खरे आहे की नाही हे कोणताही कंपायलर सांगणार नाही. तेवढे काम वाचणाऱ्याचेच आहे.

नांदेडकर:
हे मराठीत लिहावे, अशी माझी सूचना. कर्नलच्या दस्तऐवजांत चिनी, जपानी, कोरियन, इटालियन भाषांतरे आहेतच. आमच्याकडची मुले कोड वाचतात, पण साधन का अडवायचे हे इंग्रजीतून वाचताना अडखळतात.

संभाजीनगरकर (धागाकर्ता):
परभणीकर ताईंचे म्हणणे मी स्वीकारतो. मजकूर कोडलगतच राहील. मराठी पान शिकवण्यासाठी वेगळे करू, पण कोडमधील कमेंट इंग्रजीतच असावी, कारण तो कोड उद्या कर्नलच्या मुख्य शाखेकडे पाठवायचा आहे. लातूरकरांचे मात्र मला पटलेले नाही. साधन परत कसे होते हे 'डेव्हएम' पाहते. ते परत होण्याआधी हार्डवेअर कोणत्या स्थितीत असायला हवे, हे त्याला ठाऊक नसते. आज सकाळी लिहिलेला मसुदा असा:

'प्रोब आधी पत्त्यांचा पट्टा, मग क्लॉक, मग इंटरप्ट घेतो. पट्टा आणि इंटरप्ट डेव्हएमने घेतलेले असल्याने ते आपोआप सुटतात. क्लॉक रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) हाताने बंद केला जातो. इंटरप्टचे फंक्शन स्थितीचे रजिस्टर वाचते. त्यासाठी क्लॉक चालू असणे आवश्यक आहे.'

लातूरकर:
सर, मसुदा दोनदा वाचला. यात एक दोष आहे, आणि तो वाक्यांचा नसून ड्रायव्हरचा आहे. डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट रिमूव्ह संपल्यानंतर सुटतो, म्हणजे क्लॉक बंद झाल्यावरही काही क्षण तो जिवंत असतो. तेवढ्यात सेन्सरकडून इंटरप्ट आला, तर ते फंक्शन क्लॉक नसलेले रजिस्टर वाचायला जाईल, आणि बऱ्याच चिपांवर अशा वाचनाने बसच अडकून बसते. क्लॉकही डेव्हएमनेच, इंटरप्टच्या आधी चालू करून घ्या, म्हणजे उलट क्रमाने इंटरप्ट आधी सुटेल आणि क्लॉक नंतर बंद होईल. मी आजवर हा कोड तीन वेळा वाचला होता. पॅच (कोडमधील दुरुस्ती) रात्री पाठवतो. मसुद्यातील तिसरे वाक्य तेवढे बदलून ठेवा.