मदत हवी आहे: शॉकअप वजनाप्रमाणे कितव्या खाचेवर ठेवायचा? (तातडीचे)

साखरपेकर
नमस्कार. मोटरसायकलचा मागचा शॉकअप (खड्ड्यांचे दणके झेलणारा स्प्रिंगवाला दांडा) त्याच्या रिंगच्या खाचा बदलून आपल्या वजनाप्रमाणे सेट करता येतो असं कळलं. कितव्या खाचेवर ठेवू? बारीकसारीक खड्ड्यातसुद्धा कमरेत दणका बसतो आणि वळणावर खड्डा आला की मागचं चाक उडी मारून बाजूला सरकतं. मेकॅनिक म्हणतो मागचे दोन्ही शॉकअप काढून नवे टाका. तो खर्च मला करायचा नाही. शनिवारी घाट चढायचाय, त्याआधी उत्तर पाहिजे. फक्त खाचेचा नंबर सांगा, लेक्चर नको. आगाऊ आभार.

चाकोरीबाहेर
गाडी कोणती? वजन किती? मागे कोणी बसतं का? टायरात हवा किती? डॉक्टरला फोन करून नुसतं 'कुठली गोळी घेऊ' विचारल्यासारखं झालं हे.

रांगडा_कोल्हापूर
भावा, डोकं लावू नको. शेवटच्या खाचेवर टाक आन विसरून जा. आमच्या मामाची गाडी कायम शेवटच्याच खाचेवर हाय. मामा ११० किलो, मागं वैरणीचा भारा. काय बी होत न्हाई.

घाटातला_गिअर
कंपनीचे शॉकअप मुळातच टाकाऊ असतात. बाजूला गॅसची डबी असलेले मिळतात ते बसवा, गाडी गादीवरून चालल्यासारखी वाटेल. मी बसवलेत, पैसा वसूल.

चाकोरीबाहेर
@घाटातला_गिअर, खर्च करायचा नाही असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय हो त्यांनी.

घाटातला_गिअर
एकदाच खर्च होतो. कंबर गेली तर त्याहून जास्त जातात.

साखरपेकर
बुलेट आहे. वजन नॉर्मल. हवा बरोबर आहे, पंपावर भरली. आता तरी नंबर सांगा.

निवृत्त_फोरमन
आपल्याकडे एनफिल्डच्या प्रत्येक गाडीला बुलेट म्हणतात, त्यामुळे नेमकं मॉडेल सांगावं. २०२१ साली आलेल्या नव्या क्लासिक ३५०च्या मागच्या शॉकअपला ६ खाचा आहेत, त्याआधीच्या क्लासिकला ५. म्हणजे 'तिसरी खाच' दोन्हींत एकच नव्हे. आणि पंपावरचा पोऱ्या सगळ्यांना एकच हवा भरतो. मॅन्युअलमध्ये एकट्याचा आकडा वेगळा, डबलसीटचा वेगळा असतो. थंड टायरात स्वतः मोजून सांगा. 'नॉर्मल' म्हणजे किती किलो, तेही.

रांगडा_कोल्हापूर
काका, बुलेटवाल्याचं वजन नॉर्मल म्हंजे ९०च्या फुडं. खाच वाढवली की स्प्रिंग कडक हुती, गाडी बसत न्हाई. विषय संपला.

मिमी_सेमी
स्प्रिंग कडक होत नाही! हा गैरसमज गॅरेजागॅरेजात आहे. समजा स्प्रिंग १ मिमी दाबायला २ किलो लागतात. रिंग फिरवून ती आधीच १० मिमी दाबून ठेवली, तर पहिले २० किलो पडेपर्यंत शॉकअप हलणारच नाही. पण त्यापुढचा प्रत्येक मिलीमीटर २ किलोच मागणार. खाच बदलून फक्त गाडी बसल्यावर किती दबते ते बदलतं. स्प्रिंग खरोखर कडक हवी असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

रांगडा_कोल्हापूर
मग शेवटच्या खाचेवर बूड का आपटतंय? पुस्तकात न्हाई ते?

मिमी_सेमी
आहे की. हलका माणूस बसला तर आधीच दाबून ठेवलेली स्प्रिंग त्याच्या वजनाला दादच देत नाही. शॉकअप पूर्ण ताणलेलाच राहतो. बारीक खड्डा स्प्रिंग हलवायला पुरत नाही, तो थेट सीटपर्यंत येतो. चाक खड्ड्यात उतरायला जावं तर खाली सरकायला जागाच नाही, म्हणून ते हवेत राहतं. मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग जोरात परत फेकते आणि तिला आवरणारं तेल आहे तेवढंच. या शॉकअपला परतीचा वेग कमीजास्त करायचा स्क्रू नसतो. धागाकर्त्याने लिहिलेली लक्षणं नेमकी हीच आहेत. उलट जड माणसाला खाच कमी पडली तर शॉकअप तळाला ठेचतो, तो 'ठक्' आवाज वेगळा.

निवृत्त_फोरमन
सहमत. आणखी एक खूण सांगतो. मागची बाजू जास्त बसत असेल तर हेडलाइट वर जातो आणि समोरून येणारा प्रत्येक जण आपल्याला डिपर मारतो. पुढचं चाक हलकं पडून हँडलही भरकटतं. असं काही होतं का?

उनाड_कोकण्या
अवांतर: शनिवारी आंबा घाट असेल तर साखरप्यात चहा घेऊनच वर चढा. आणि घाटात धुकं असेल तर पिवळा लाइट उपयोगी पडतो, मी बसवलाय. वायरिंगचं विचारायचं असेल तर विचारा.

साखरपेकर
डिपर कोणी मारत नाही. आवाजही नाही. उलट सिग्नलला टाचा टेकत नाहीत, चवड्यांवरच उभं राहावं लागतं. क्लासिक ३५० आहे, २०२२ची. माझं वजन ५४.

चाकोरीबाहेर
५४!! अहो, हे शेवटच्या ओळीत?

रांगडा_कोल्हापूर
५४ किलो आन १९५ किलोची गाडी. भावा, आधी जेवत जा. माझा सल्ला मागं घेतो, मामासाठीच ऱ्हाऊ दे.

मिमी_सेमी
गाडी नवी घेतली की जुनी? शॉकअपच्या खाली पायरीपायरीची रिंग आहे, ती सध्या कितव्या पायरीवर आहे? दोन्ही बाजूंची बघा.

साखरपेकर
सेकंडहँड. आधीचा मालक दणदणीत होता, बायको आणि दोन बॅगा घेऊन फिरायचा. आत्ता टॉर्च लावून बघितलं. डावीकडे शेवटची खाच, उजवीकडे चौथी. उजवीकडच्या रिंगवर चिखलाचं कवच, गंज आहे. कोकणातली गाडी.

निवृत्त_फोरमन
झालं, रोग सापडला. नव्या शॉकअपवर एक रुपया घालू नका. दोन्ही बाजू एकाच खाचेवर असल्याच पाहिजेत, नाहीतर चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) पीळ बसतो. बहुधा कोणीतरी डावीकडची फिरवली आणि उजवीकडची गंजल्यामुळे सोडून दिली.
रिंगवर जोर लावण्याआधी जुन्या टूथब्रशने खाचा साफ करा, गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. छिन्नी-हातोडी लावू नका, रिंगचा कान तुटतो. गाडी डबल स्टँडवर घ्या म्हणजे स्प्रिंगवरचा भार जातो. हुक पान्याने फिरवा. पाना निसटला की बोटांची सालं सायलेन्सरवर जातात, हातमोजे घाला.

मिमी_सेमी
नंबर पाहिजे होता ना? दुसऱ्यापासून सुरुवात करा. मग मोजा. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना चाकाच्या नटापासून वर मडगार्डवर चिकटपट्टीचा तुकडा लावून तिथपर्यंतचं अंतर टेपने घ्या. मग गाडी स्टँडवरून काढा, हेल्मेट-जॅकेटसकट बसा, एकाला पुढून हँडल धरायला सांगा, दुसऱ्याला तेच अंतर मोजायला. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण चालीच्या (चाक वरखाली जेवढं सरकू शकतं त्याच्या) पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढा हवा. कमी आला तर पहिली खाच.

घाटातला_गिअर
एवढा खटाटोप? गॅसवाले बसवले असते तर...

चाकोरीबाहेर
त्यांनाही खाचा असतात दादा, आणि तेही वजनाप्रमाणेच लावायचे असतात. तुमचे कितव्या खाचेवर आहेत?

घाटातला_गिअर
दुकानदाराने लावून दिलेत.

उनाड_कोकण्या
खाच बदलल्यावर चेनचा ढिलेपणा पण बघा. चिमट्याचा कोन बदलला की स्वार बसल्यावर चेन वेगळी ताणली जाते. माझी एकदा घाटात करकरायला लागली होती, तेव्हापासून बघतो.

निवृत्त_फोरमन
धाग्यातला आपला सर्वोत्तम प्रतिसाद.

साखरपेकर
उजवी रिंग सकाळी सुटली. दोन्ही दुसऱ्या खाचेवर टाकल्या. टाचा आता जवळजवळ टेकतात. मलकापूरपर्यंत जाऊन आलो. दणके बरेच कमी, वळणावर चाक सरकलं नाही. हवाही मोजली, मागे डबलसीटची भरली होती, ती उतरवली. मेकॅनिकला अजून सांगितलं नाही.
एक राहिलं. दर रविवारी बाबांना मागे बसवून नेतो. तेव्हा कितवी?

चाकोरीबाहेर
बाबांचं वजन?

साखरपेकर
नॉर्मल.

चाकोरीबाहेर
🙏

साखरपेकर
८२.

मिमी_सेमी
मग दोघांत मिळून १३६. चौथीवर टाका, दोन्ही बाजू. बाबांना बसवून परत मोजा आणि रात्री भिंतीवर हेडलाइट किती वर जातो बघा. मागच्या टायरात हवा डबलसीटची. सोमवारी सगळं परत मूळ जागी. रिंग आता मोकळी झालीय, दोन मिनिटांचं काम.

साखरपेकर
पाना शेजाऱ्याचा आणला होता, टूलकिट गाडीबरोबर मिळालंच नाही. दर रविवारी मागायला कसंतरी वाटतं.

रांगडा_कोल्हापूर
मामाचा हाय की! तो कधी खाच बदलतच न्हाई, पाना नवाकोरा पडलाय. मलकापूरला आलास की फोन कर, खाजगी निरोपात नंबर देतो.