तलावाचं कॅल्शियम ६५०, आता काय करू?

घरच्या पोहण्याच्या तलावात टाइल्सवर पांढरा थर धरलाय. घासून घासून हात गेले. किटने तपासलं तर कॅल्शियम हार्डनेस (पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम) ६५० पीपीएम (दहा लाखात इतके भाग), पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) ८. पाणी दुधाळ. फिल्टर दोनदा बॅकवॉश केला (उलटं पाणी सोडून धुतला), फरक शून्य.

उत्तर १
फिल्टरला बोल लावू नका, विरघळलेलं कॅल्शियम त्यात अडकत नाही. आधी आम्ल थोडं थोडं घालून पीएच ७.२ ते ७.४ वर आणा, म्हणजे नवा थर बसायचा थांबेल. क्लोरीन कुठलं वापरता?

प्रश्नकर्ता
कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर, दोन वर्षं. पाणी कमी झालं की वरून भरतो.

उत्तर १
मग झालंच! पावडरीतून कॅल्शियम येतं, वाफ होताना पाणी जातं आणि कॅल्शियम मागेच राहतं. द्रवरूप क्लोरीनवर या.

उत्तर २
कॅल्शियम खाली आणायचा भरवशाचा उपाय म्हणजे पाणी बदलणं. पण भरायचं पाणी आधी तपासा. मी न तपासता अर्धा तलाव उपसला आणि बोअरचं भरलं. ते स्वतःच ५०० निघालं! तुमचं नवं पाणी १५० असेल, तर अर्धं बदलून ४०० होईल, ते चालतं. पूर्ण रिकामा मात्र करू नका. जमिनीत पाणी वर असेल तर रिकामा तलाव उचलला जातो.

प्रश्नकर्ता
नळाचं १२० आलं. रविवारी उपसतो.