एका जाड जॅकेटाने भागत नाही
"एक जाड जॅकेट चढवलं की गोल्फला निघायचं" असं थंडीतल्या कपड्यांबद्दल कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. डिसेंबरात आपल्या नाशिकला सकाळी साडेसहाला हुडहुडी भरते (निफाडकरांना तर विचारूच नका!) आणि दहाला ऊन चटके देतं. मी आत लवकर वाळणारा, अंगाबरोबरचा टीशर्ट घालतो. सुती बनियन नको, घामाने ओलं राहून पाठ गारठते. त्यावर आईने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. दंड मोकळे असले तरच स्विंग (चेंडू मारताना स्टिक फिरवणं) पुरता फिरतो. वारा सुटला तर पातळ विंडचीटर. जाड जॅकेटात माझा बॅकस्विंग (मारण्याआधी स्टिक मागे नेणं) एकदा काखेतच अडकला, चेंडू जेमतेम वीस पावलं गेला! तसाही गारठ्यात चेंडू कमीच जातो, म्हणून सातऐवजी सहा नंबरची आयर्न (धातूच्या डोक्याची स्टिक; नंबर लहान तितका चेंडू लांब) काढा.