जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घ्यावे काय? बागेचा हिशेब, मराठी पत्रे आणि प्रिंटर यांची चिंता आहे

कलमबाग_देवगड

सर्वांना नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि घरामागच्या दोन खोल्या आम्ही मे महिन्यात व दिवाळीच्या सुटीत पर्यटकांना देतो. या दोन्ही व्यवहारांचे कागद एकाच लॅपटॉपवर आहेत. तो सुमारे दहा वर्षांपूर्वीचा असून त्यात ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबली, आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व नव्या पिढीचा प्रोसेसर या यंत्रात नाहीत. दुकानदार नवा लॅपटॉप घ्या म्हणतो; परंतु पडदा, कळफलक सर्व धड असताना यंत्र भंगारात काढणे मनाला पटत नाही.

माझे काम मोठे नाही. हंगामात कोणत्या दिवशी किती पेट्या वाशीला गेल्या, दलालाची पट्टी कधी आली, तिच्यातून हमाली, तोलाई आणि गाडीभाडे किती वजा झाले, हे सर्व मी एक्सेलमध्ये लिहितो. ग्रामपंचायत, बँक आणि कृषी कार्यालय यांना मराठीत पत्रे द्यावी लागतात; त्यांपैकी वडिलांच्या वेळची पत्रे जुन्या फॉन्टमध्ये आहेत. याखेरीज बँकेचे व्यवहार, व्हॉट्सॲप आणि खोल्यांची छायाचित्रे. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम बसवण्याचा विचार आहे. कोणते लिनक्स घ्यावे, मराठी नीट लिहिता येईल काय, आणि जे फुकट मिळते त्यावर हिशेबासारखी वस्तू कितपत सोपवावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आमच्याकडे इंटरनेट मोबाइलवरच आहे आणि तेही ओटीवर बसल्यावरच मिळते.

संगणकशिक्षक_रत्नागिरी

नमस्कार. कोणते लिनक्स घ्यावे याचे उत्तर मी शेवटी देतो, कारण आपण विचारलेल्या प्रश्नांत ते सर्वांत कमी महत्त्वाचे आहे. सिस्टीम बदलण्यापूर्वी प्रोग्रॅम बदलावेत, असे माझे मत आहे. लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखा फुकट संच) आणि फायरफॉक्स हा ब्राउझर हे दोन्ही विंडोजवरही चालतात. ते आजच्याच विंडोजवर बसवून महिनाभर सर्व काम त्यांच्यावर करावे. जे अडायचे ते त्या महिन्यातच अडेल, आणि अडले तरी जुना एक्सेल शेजारी असेलच. सिस्टीम आणि प्रोग्रॅम एकाच दिवशी बदलणारा मनुष्य पहिल्या अडचणीला सर्व दोष लिनक्सला देऊन परत फिरतो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

हिशेबाविषयी सांगायचे तर बेरजा, टक्केवारी, एका पानावरून दुसऱ्या पानावर रक्कम आणणारी सूत्रे हे सर्व लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये बहुधा जसेच्या तसे उघडते. अडचण येते ती मॅक्रोंची. एखाद्याने आपल्याला बटण दाबताच पट्टी तयार होईल अशी फाइल करून दिली असेल, तर ते बटण चालेलच असे नाही. प्रत्येक हंगामाची फाइल उघडून तळाची एकूण रक्कम जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावी. रुंदी बदलून रकान्यात रकमेऐवजी ### अशा खुणा दिसल्या तर घाबरू नये, रकाना रुंद केला की आकडा परत येतो. स्वतःसाठी फाइल लिबरऑफिसच्या ओडीएस स्वरूपात ठेवावी आणि बँकेला पाठवायची प्रत तेवढी एक्सेलच्या स्वरूपात द्यावी. ओडीएस ज्या ओपन डॉक्युमेंट कुळातले आहे, त्याला २००६ पासून आयएसओ मानकाची मान्यता आहे; त्यामुळे आज लिहिलेला हिशेब पुढे दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडण्याची सोय राहते.

फुकट वस्तूवर विश्वास ठेवावा काय, ही शंका रास्त आहे. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीला विद्यार्थी असताना लिहावयास घेतला. आज त्यावर काम करणाऱ्यांपैकी बहुतेक जण इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी अभियंते आहेत, कारण त्या कंपन्यांचा स्वतःचा धंदा त्यावर चालतो. आपल्या हातातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. केरळमधील सरकारी शाळांत तर संगणकाचे शिक्षण अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर दिले जात आहे. आपल्याला पैसे पडत नाहीत म्हणून त्यावर कोणी पैसा लावलेला नाही, असे समजण्याचे कारण नाही.

आता नाव. ४ जीबी रॅमसाठी लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. तिची मांडणी, म्हणजे खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोज वापरणाऱ्यास परकी वाटत नाही. मिंट हे उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेले असल्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेले बहुतेक उपाय त्यालाही लागू पडतात. मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. फाइल सुमारे तीन जीबीची आहे, म्हणून ओटीवर बसून ती उतरवण्यापेक्षा देवगडात किंवा कणकवलीत ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्याकडून आणावी, आणि संकेतस्थळावर दिलेल्या चेकसमशी (फाइल पूर्ण उतरली की नाही हे पडताळणाऱ्या आकड्याशी) ती जुळते की नाही हे अवश्य पाहावे. अर्धवट उतरलेली फाइल पेनड्राइव्हवर चढते, सुरूही होते आणि नेमकी मध्येच दगा देते.

पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून, डिस्कला हात न लावता, वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर होणारी निद्रा आणि प्रिंटर हे चार तपासावेत. वायफाय दिसले नाही तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय) चालू करावे, इंटरनेट लगेच मिळते आणि मग ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्रॅम) घेता येतो. प्रिंटर एचपीचा असल्यास एचपीलिप नावाचा संच मिंटबरोबरच येतो. इतर कंपन्यांच्या जुन्या लहान लेझर प्रिंटरांपैकी काही मात्र खरोखरच हट्टी असतात, म्हणून प्रिंटर या टप्प्यावरच जोडून एक पान छापून पाहणे इष्ट. पेनड्राइव्हवरून सर्व काही संथ चालेल. त्यावरून वेगाचा निष्कर्ष काढू नये.

अक्षरजुळणी_कुडाळ

माझा व्यवसाय पत्रिका, अहवाल आणि लेटरहेड यांच्या जुळणीचा असल्यामुळे फक्त मराठीविषयी लिहितो. आपल्या सर्व कामांत मला खरा धोका वडिलांच्या पत्रांत दिसतो. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या फाइलीत मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, त्यांवर फॉन्ट मराठी आकार चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तेच पत्र उघडले तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि मनुष्य फाइल बिघडली असे समजून पुसून टाकतो. हे लिनक्समुळे घडत नाही, नव्या विंडोजवरही हेच घडेल. आपल्याकडील फॉन्टची फाइल मिंटवर बसवली तर पत्र पूर्वीसारखे दिसेल, परंतु त्यात शोध घेता येणार नाही आणि नावे अकारविल्हे लावता येणार नाहीत.

म्हणून विंडोज जिवंत आहे तोवर दोन कामे करावीत. सर्व जुन्या पत्रांची पीडीएफ करून ठेवावी, म्हणजे पुरावा म्हणून दाखवण्यापुरती ती सुरक्षित राहतील. नंतर ज्यांतील मजकूर पुन्हा लागणार आहे तेवढीच पत्रे युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरयोजनेत) रूपांतरित करावीत. रूपांतर करणारी साधने पुष्कळ आहेत, पण प्रत्येक फॉन्टची अक्षरयोजना निराळी असल्याने त्यांची परीक्षा घ्यावी लागते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते आणि रफार मागून येतो. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे. त्यामुळे ‘आर्थिक’ हा एक शब्द शोधून पाहावा. त्यात वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर येतात, आणि तो नीट उतरला असेल तर साधन बहुतांशी भरवशाचे आहे. पत्रातील रकमा मात्र एकेक करून डोळ्यांनी तपासाव्यात.

नव्या लेखनासाठी कळफलकाच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांखाली मराठी निवडले की इनस्क्रिप्ट ही मांडणी मिळते, आणि रोमन उच्चारांप्रमाणे टंकणाऱ्यांसाठी कागप नावाची फोनेटिक मांडणीही तेथेच आहे. मी इनस्क्रिप्टच शिकावे असे म्हणेन. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी तिची रचना आहे, आणि विंडोजवरही तीच असल्याने कोठेही गेलो तरी हात अडत नाही. ‘किनाऱ्यावर’ मधील ऱ्या पुष्कळांना सापडत नाही आणि ते रफार देऊन ‘किनार्यावर’ असे लिहून मोकळे होतात. त्यासाठी शिफ्ट दाबून इंग्रजी जे ची कळ दाबावी, मग डी च्या कळेवरील हलन्त द्यावा आणि पुढे य व काना टंकावा. पत्रांसाठी फॉन्ट हवा असल्यास मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्त’ (Mukta) हा सुबक फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतो.

हिशेबनीस_अलिबाग

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरी थोडा विरोध नोंदवतो, कारण लिनक्सचे कौतुक करणारे ही बाजू सहसा सांगत नाहीत. टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम लिनक्ससाठी निघत नाही. वाईनसारख्या साधनातून विंडोजचे काही प्रोग्रॅम चालवता येतात हे खरे, परंतु ज्या हिशेबावर कर भरायचा तो अशा उसनवारीच्या आधारावर ठेवू नये. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन किंवा अंगठ्याचे यंत्र वापरणाऱ्यांनी त्या यंत्राच्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिला आहे काय हे आधी पाहावे. दिलेला नसेल तर विषय तेथेच संपतो. माझ्याकडे येणाऱ्या सेवाकेंद्र चालकांना मी याच कारणास्तव विंडोजवरच राहण्यास सांगतो.

आपल्या यादीत यांपैकी काहीही नाही, म्हणून आपल्याला अडचण येऊ नये. परदेशी पाहुणा उतरल्यास २४ तासांत भरावयाचा त्याच्या माहितीचा फॉर्मदेखील (पूर्वीचा सी फॉर्म) ब्राउझरमध्येच भरला जातो. मात्र घाई करण्याचेही कारण नाही. वैयक्तिक विंडोज १० संगणकाची विस्तारित अद्यतनांसाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. आंब्याचा हंगाम चालू असताना लॅपटॉप उघडून बसण्यापेक्षा ती नोंदणी करून पेट्या जाऊ द्याव्यात.

कलमबाग_देवगड

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘आर्थिक’ शब्दाची युक्ती आजच वडिलांच्या एका कर्जमागणीच्या पत्रावर करून पाहिली. पहिल्या साधनाने रफार भलत्याच अक्षरावर टाकला, दुसऱ्याने बरोबर दिला. आता एकच शंका उरते. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवावे, की विंडोज पुसूनच टाकावे? आणि बसवताना मध्येच वीज गेली तर काय होते? लॅपटॉपची बॅटरी जेमतेम दहा मिनिटे टिकते.

दुरुस्तीवाला_चिपळूण

दोन्ही करू नये. आपल्या लॅपटॉपचे वय पाहता त्यात अडीच इंची, साटा जोडणीची डिस्क असणार. तेवढ्याच आकाराची २५६ जीबीची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेली वेगवान डिस्क) घ्यावी, जुनी हार्ड डिस्क काढून ठेवावी आणि लिनक्स नव्या एसएसडीवर बसवावे. मिंट बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ असा जो पर्याय समोर येतो आणि नवशिक्याला घाम फोडतो, तो मग निर्धास्तपणे निवडता येतो, कारण पुसण्यासारखे यंत्रात काही नसतेच. विंडोज हवेसे वाटले तर दोन स्क्रू काढून जुनी डिस्क परत लावता येते. लॅपटॉपला वेग येतो तोही मुख्यतः या एसएसडीमुळे. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर जुन्या हार्ड डिस्कसह मिंट बसवून ‘लिनक्स संथ आहे’ म्हणणारे माझ्याकडे नेहमी येतात.

जुनी डिस्क काढण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो बंद करावा. आणि विंडोज शेवटचे बंद करताना शिफ्टची कळ दाबून ठेवून शटडाउन करावे. नुसते शटडाउन केल्यास विंडोज अर्धे झोपलेल्या अवस्थेत राहते आणि नंतर ती डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून मिंटला जोडली, तर बहुधा फक्त वाचता येते, लिहिता येत नाही.

विजेविषयी: एसएसडीवर बसवणे साधारण अर्ध्या तासात उरकते. मध्येच वीज गेली तर ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, याहून अधिक नुकसान नाही, कारण आपला हिशेब दुसऱ्या डिस्कवर आहे. खरी काळजी घ्यायची ती पुढे, अद्यतने चालू असताना. ती इन्व्हर्टरवर किंवा वीज स्थिर असताना करावीत. गडगडाट सुरू झाला की चार्जरचा प्लग काढून ठेवावा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती अद्यतनापूर्वीची सिस्टीम परत आणते. परंतु आपल्या फाइलींची प्रत ती ठरीव सेटिंगमध्ये घेत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पट्ट्यांची आणि पत्रांची प्रत वेगळी घ्यावी, आणि ती घराबाहेर ठेवावी. आमच्याकडे जुलै २०२१ च्या पुरात ज्यांचा संगणक तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्कही त्याच टेबलाच्या खणात होती, त्यांचे दोन्ही एकदमच गेले.

कलमबाग_देवगड

ठरले. हंगाम संपेपर्यंत लिबरऑफिसवर काम करतो, विस्तारित अद्यतनांची नोंदणी उद्याच करतो आणि बाग आटोपल्यावर कणकवलीहून एसएसडी आणतो. पत्रांच्या पीडीएफ करण्यास मुलीने सुरुवात केली आहे. प्रिंटर एचपीचा नाही. पेनड्राइव्हवरून पान छापून पाहिले की काय होते ते येथेच कळवीन.